जुनी मासेमारी नौका घेताना : किमतीपुढचा हिशेब

जुलै महिना सरत आला की मालीम, कुटबण, खारीवाडा व शापोरा येथील धक्क्यांवर लगबग सुरू होते. पावसाळी बंदीच्या काळात नांगरून किंवा वर ओढून ठेवलेल्या नौकांना रंग लागतो, फाटकी जाळी सांधली जातात आणि बरेच दिवस मुकी राहिलेली इंजिने पुन्हा चालवून पाहिली जातात. जुन्या नौकांचे सौदेही बहुधा याच दिवसांत होतात. एखादा नाखवा वयोमानाने थकलेला असतो, एखाद्याची मुले नोकरीधंद्याला लागलेली असतात. याउलट, वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या नौकेवर तांडेलकी केलेल्या माणसाला आपली स्वतःची नौका असावी असे वाटू लागलेले असते. नवी नौका त्याच्या ऐपतीबाहेरची असते, जुनी मात्र आवाक्यातील वाटते. घरातील सोने गहाण पडते, जमिनीच्या तुकड्यावर कर्ज निघते आणि दोन-चार दिवसांत, पुष्कळदा नुसत्या शब्दावर, व्यवहार पुरा होतो.

अशा व्यवहारात घासाघीस होते ती केवळ किमतीची. विकणारा वीस लाख म्हणतो, घेणारा सोळा म्हणतो आणि अठरावर हातावर हात पडतो. परंतु नौकेची किंमत एकदाच द्यावी लागते. नौका पोसावी मात्र रोज लागते. डिझेल, बर्फ, खलाशांची मजुरी, जाळी, दुरुस्ती, विमा आणि कर्जाचे व्याज हा खर्च मासळी मिळो अथवा न मिळो, मालकाच्या मागे असतोच. म्हणून जुनी नौका स्वस्त की महाग, हे तिच्या किमतीवरून ठरत नाही. ती समुद्रात नेण्यास दररोज किती खर्च येतो, यावरून ते ठरते. हा हिशेब सौद्यापूर्वी कसा मांडावा, याचा येथे विचार केला आहे.

नौका कोठे चालवावयाची?

पहिला प्रश्न नौकेचा नसून समुद्राचा आहे. गोव्यात यांत्रिक नौका १९६० नंतरच्या दशकात वाढीस लागल्या. त्यांच्यामुळे किनाऱ्यालगतची मासळी हातची जाऊ लागली, तेव्हा रापणकारांनी मोठे आंदोलन उभारले. त्यानंतर १९८० साली सागरी मासेमारी नियमन कायदा झाला आणि किनाऱ्यापासून ५ किलोमीटरपर्यंतचा पट्टा पारंपरिक मच्छीमारांसाठी राखला गेला. त्यामुळे ट्रॉलरला मासेमारी सुरू करण्यापूर्वीच हा पट्टा ओलांडावा लागतो आणि परतताना पुन्हा तेवढेच अंतर कापावे लागते. धक्का नदीच्या आत असेल तर मुखापर्यंतचे अंतर त्यात मिळवावे लागते. या जाण्यायेण्यात एकही मासा मिळत नाही, डिझेल मात्र जळत असते.

दुसरी गोष्ट दिवसांची. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक मासेमारीस बंदी असते. वर्षाच्या ३६५ दिवसांतून ते वजा जाता ३०४ उरतात. सणवार, खलाशांच्या रजा, इंजिनाचे बिघाड आणि मासळीचा तुटवडा यांत आणखी कितीतरी दिवस जातात. वादळांचा तर नेम नाही. डिसेंबर २०१७ मधील ओखी, २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील क्यार व महा आणि मे २०२१ मधील तौक्ते ही चक्रीवादळे ऐन मोसमातच आली. यास्तव वर्षाला ३०० दिवस नौका समुद्रात जाईल, असे गृहीत धरून केलेला कोणताही हिशेब फसवा ठरतो. २०० दिवस हा बरा अंदाज होय. कर्ज घेणाऱ्याने १५० दिवसांचाही हिशेब करून पाहावा.

सांगाड्याची परीक्षा

ताजा रंग हा जुन्या नौकेचा बुरखा असतो. म्हणून नौका पाण्यात तरंगत असताना पाहून सौदा करू नये. ती वर ओढून घ्यावी व तळ पूर्ण उघडा पाहावा. वर ओढण्याचा खर्च घेणाऱ्याने सोसला तरी तो वाया जात नाही.

लाकडी नौकेत प्रथम कणा, त्याला जोडलेल्या फासळ्या आणि पाण्याखालील फळ्या तपासाव्यात. लहान हातोडीने सर्वत्र ठोकत जावे. निरोगी लाकूड खणखणीत आवाज देते, कुजलेले लाकूड बद्द वाजते. संशयास्पद जागी टोकदार आरी दाबून पाहावी. ती सहज आत शिरली तर ती फळी बदलावी लागेल असे समजावे. खिळ्यांभोवती गंजाचे ओघळ असतील तर खिळे आतून खाल्ले गेलेले असतात. फळ्यांवर टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसली तर विशेष सावध व्हावे. समुद्रात टेरेडो नावाचा, दिसण्यास अळीसारखा परंतु वास्तविक शिंपल्यांच्या कुळातील एक जीव असतो. तो पिल्लू असताना बारीक छिद्रातून लाकडात शिरतो आणि आत वाढत जाऊन लांबच लांब बोगदे पाडतो. फळी बाहेरून धडधाकट दिसते, आतून मात्र चाळणी झालेली असते.

फायबरच्या नौकेस टेरेडोची बाधा होत नाही. तथापि तिचेही दोष असतात. बाहेरील थराला चिरा गेल्या की पाणी आत झिरपते, पृष्ठभागावर फोड येतात आणि थर एकमेकांपासून सुटू लागतात. फायबरच्या आत लाकडी फासळ्या असतील तर त्या झाकलेल्या जागी कुजतात. येथेही हातोडीचा आवाज हाच चांगला साक्षीदार होय. यानंतर सुकाणू व पंख्याचा दांडा हातांनी हलवून पाहावा. दांडा सैल हलत असेल तर त्याचे बेअरिंग झिजलेले असते. जस्ताच्या कांड्या लावलेल्या आहेत की नाहीत हेही पाहावे. खाऱ्या पाण्यात दोन भिन्न धातू एकत्र आले की त्यांतील एक झिजू लागतो. जस्त स्वतः झिजून पंखा व दांडा वाचवते. त्या कांड्या वेळेवर बदललेल्या नसतील, तर पूर्वीच्या मालकाची देखभाल कशी होती याचे उत्तर तेथेच मिळते.

इंजिनाची परीक्षा

घेणारा येण्यापूर्वीच इंजिन चालवून गरम करून ठेवण्याची युक्ती जुनी आहे. म्हणून आधी इंजिनावर हात ठेवून ते थंड असल्याची खात्री करावी व नंतरच चालू करण्यास सांगावे. थंड इंजिन विनासायास सुरू होणे हे चांगले लक्षण होय. धुराचा रंगही बोलका असतो. सतत काळा धूर म्हणजे डिझेल नीट जळत नाही किंवा इंजिनावर बोजा जास्त पडतो. निळसर धूर म्हणजे वंगणतेल जळत आहे, अर्थात आतील भाग झिजले आहेत. इंजिन तापल्यावरही पांढरा धूर येत राहिला तर डिझेल न जळता बाहेर पडते आहे किंवा आत पाणी शिरत आहे, असा संशय घ्यावा. वंगणतेल काढून पाहावे. ते दुधाळ दिसल्यास त्यात पाणी मिसळलेले असते आणि मोठी दुरुस्ती समोर उभी असते.

तपासणीतील सर्वांत महत्त्वाची चाचणी डिझेलच्या खपाची आहे आणि नेमकी तीच बहुधा केली जात नाही. टाकी काठोकाठ भरावी. नौका नदीमुखाबाहेर नेऊन नेहमीच्या कामाच्या गतीने दोन तास चालवावी. परत आल्यावर मोजलेल्या डब्यांनी टाकी पुन्हा काठोकाठ भरावी. जितके लिटर लागले त्याचे अर्धे केले म्हणजे ताशी खप मिळतो. सुस्थितीतील डिझेल इंजिनास एक अश्वशक्ती एक तास वापरण्यासाठी सुमारे ०.२ ते ०.२५ लिटर डिझेल लागते. १२० अश्वशक्तीचे इंजिन सरासरी ६० टक्के बोजावर चालले, म्हणजे ७२ अश्वशक्ती वापरली गेली, तर ताशी १६ लिटरच्या आसपास खप यावा. तो यापेक्षा पुष्कळ अधिक आला तर इंजिन झिजलेले आहे, तळाला शेवाळ व कवचधारी जीव चिकटलेले आहेत, किंवा पंखा इंजिनाला जुळणारा नाही. चिकटलेले जीव खरवडता येतात, पंखा बदलता येतो. झिजलेल्या इंजिनाचा खर्च मात्र मोठा असतो.

कागदपत्रांची परीक्षा

नौका चांगली निघाली तरी कागद वाईट निघू शकतात. नोंदणीच्या दाखल्यावरील मालकाचे नाव, नौकेचा क्रमांक, लांबी व इंजिनाचा क्रमांक प्रत्यक्ष नौकेशी ताडून पाहावा. मासेमारीचा परवाना नौकेबरोबर आपोआप नव्या मालकाकडे जातो, असे समजू नये. हस्तांतर होईल की नाही आणि त्यास काय लागेल, हे मत्स्योद्योग खात्याकडे आधी विचारावे व पैसे नंतर द्यावेत. नौका मालवण, कारवार किंवा मंगळूर येथून आणावयाची असेल तर तेथील नोंदणीचा निकाल लावल्याशिवाय येथील नोंदणीचा विचार करता येत नाही.

नौकेवर बँकेचा किंवा सहकारी सोसायटीचा बोजा आहे काय, याची लेखी खात्री करून घ्यावी. डिझेल पंप, बर्फाचा कारखाना, जाळ्यांचा व्यापारी आणि खलाशी यांची देणी कोणी फेडावयाची, हेही करारात लिहून ठेवावे. नौकेवरील साहित्याची यादी करताना आणखी एक दक्षता घ्यावी. प्रखर एलईडी दिव्यांच्या साहाय्याने मासळी गोळा करण्याच्या पद्धतीवर, तसेच दोन नौकांनी मिळून एक जाळे ओढण्यावर केंद्र सरकारने नोव्हेंबर २०१७ मध्ये बंदी घातली. असे दिवे व त्यांचे जनित्र दाखवून कोणी किंमत वाढवीत असेल, तर ज्या वस्तूचा वापरच करता येत नाही तिचे पैसे तो मागत आहे असे समजावे.

विम्याविषयीही आधी चौकशी हवी. झीज आणि देखभालीअभावी झालेले नुकसान सामान्यतः विम्यातून भरून मिळत नाही. त्यामुळे जुन्या नौकेचा विमा उतरला म्हणजे मालक निर्धास्त झाला, असे होत नाही.

वर्षाचा हिशेब

आता प्रत्यक्ष हिशेबाकडे वळू. पुढील आकडे केवळ पद्धत कळावी म्हणून घेतले आहेत. प्रत्येकाने त्यांच्या जागी आपल्या धक्क्यावरील चालू दर घालावेत.

समजा, १२० अश्वशक्तीची जुनी ट्रॉलर २० लाख रुपयांस मिळाली आणि फळ्या, इंजिन व जाळी यांवर समुद्रात जाण्यापूर्वीच ५ लाख रुपये खर्च झाले. म्हणजे खरी किंमत २५ लाख झाली. त्यांपैकी १५ लाख शेकडा १० दराच्या कर्जाचे व १० लाख स्वतःचे आहेत. नौका आणखी ८ वर्षे चालेल व शेवटी ५ लाखांस जाईल असे धरले, तर २० लाखांची झीज ८ वर्षांत विभागावी लागेल. मग वर्षाचा कायम खर्च असा होतो :

घसारा : २,५०,००० रुपये
कर्जाचे व्याज (पहिल्या वर्षाचे) : १,५०,००० रुपये
स्वतःच्या १० लाखांवर बँकेत मिळाले असते असे व्याज, शेकडा ६ प्रमाणे : ६०,००० रुपये
विमा, परवाना, धक्क्याचे शुल्क : ६०,००० रुपये
पावसाळी दुरुस्ती, रंग व इंजिनासाठी राखीव रक्कम : ३,००,००० रुपये
जाळी, दोर, बोर्ड : १,८०,००० रुपये
तांडेल व सहा खलाशी यांची दहा महिन्यांची मजुरी : १२,००,००० रुपये
एकूण : २२,००,००० रुपये

मजुरी कायम खर्चात धरली आहे, याचे कारण उघड आहे. ट्रॉलरवरील पुष्कळसे खलाशी परप्रांतांतून येतात आणि मासिक वेतनावर असतात. नौका धक्क्याला उभी असली तरी त्यांचे वेतन व जेवण थांबत नाही. मार्च २०२० मध्ये देशभर टाळेबंदी झाली तेव्हा असे खलाशी धक्क्यांवरच अडकून पडले होते. २०२४ साली कुटबण येथे खलाशांत कॉलऱ्याची साथ पसरली. पिण्याचे स्वच्छ पाणी, शौचालय आणि राहण्याची जागा यांवरचा खर्च टाळून खलाशी आजारी पडले तर नौकाही बसून राहते. खलाशांना मजुरीऐवजी मासळीत वाटा देण्याची पद्धत असेल तेथे हिशेब बदलतो. कायम खर्च कमी होतो आणि रोजच्या उत्पन्नातील वाटा कमी मिळतो.

समुद्रात जाण्याच्या प्रत्येक दिवसाचा खर्च निराळा मांडावा. इंजिन १२ तास, ताशी १६ लिटर, म्हणजे १९२ लिटर. डिझेल लिटरला ९० रुपये धरल्यास १७,२८० रुपये. बर्फ व जेवण ३,००० रुपये, वंगणतेल व किरकोळ ७२० रुपये. एकूण २१,००० रुपये.

वर्षाला २०० फेऱ्या झाल्या तर कायम खर्चाचा रोजचा भाग ११,००० रुपये येतो. तो धरून एका दिवसाचा एकूण खर्च ३२,००० रुपये होतो. लिलावावर शेकडा ५ अडत जात असेल तर मासळी सरासरी ३३,७०० रुपयांना विकली गेली पाहिजे. तेव्हा कोठे मालकाची तोंडमिळवणी होते, नफा त्याच्यापुढे. फेऱ्या १५० च झाल्या तर तोच आकडा ३७,५०० रुपयांच्या पुढे जातो. रोजची विक्री मात्र वाढली नाही, ३३,७०० च राहिली, तर वर्षाअखेर साडेपाच लाख रुपयांची तूट येते. नौका तीच, तांडेल तोच, मासळीही तेवढीच. केवळ पन्नास दिवस हुकले आणि गहाण सोने सुटण्याऐवजी नवे कर्ज उभे राहिले. ज्या दिवशी बांगडा किंवा माणकी भरपूर मिळते तो दिवस सर्वांच्या लक्षात राहतो. हिशेब मात्र वर्षाच्या सरासरीचा करावयाचा असतो.

स्वस्त नौका महाग कशी पडते?

आता शेजारी अशीच दुसरी नौका १४ लाखांस मिळते आहे असे समजा. ६ लाख रुपये वाचतात, हा मोह मोठा आहे. परंतु चाचणीत तिचे इंजिन शेकडा १५ अधिक डिझेल खाते असे आढळले. दिवसाला सुमारे २९ लिटर अधिक, म्हणजे जवळजवळ २,६०० रुपये. २०० दिवसांचे हे ५ लाख १८ हजार रुपये होतात. कमी कर्जामुळे व्याजाचे ६० हजार वाचले असे धरले तरी किमतीत वाचलेले ६ लाख रुपये दुसरा मोसम संपण्यापूर्वीच धुरात निघून जातात. पुढील प्रत्येक वर्षी मात्र तेवढीच रक्कम अधिक द्यावी लागते. यात इंजिन भर समुद्रात बंद पडून वाया गेलेल्या दिवसांची आणि नौका ओढून आणण्याच्या खर्चाची गणना केलेली नाही.

याचा अर्थ स्वस्त नौका कधीच घेऊ नये असा नव्हे. इंजिन दुरुस्त करण्यास किंवा बदलण्यास येणारा खर्च मिळवून तिची एकूण किंमत पहिल्या नौकेहून कमी राहत असेल, तर ती अवश्य घ्यावी. दोष कळून घेतलेली वस्तू आणि दोष न कळता घेतलेली वस्तू यांत हाच भेद आहे.

नौका घेतल्यानंतरही बचतीचा एक मार्ग मालकाच्या हाती राहतो, तो म्हणजे वेग. पाणी कापत जाणाऱ्या नौकेस लागणारी शक्ती स्थूलमानाने वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. धक्क्यापासून मासेमारीच्या जागेपर्यंत ताशी ८ सागरी मैलांऐवजी ७ सागरी मैलांनी गेल्यास वेग आठव्या हिश्शाने घटतो, पण ताशी डिझेल जवळजवळ एकतृतीयांशाने कमी लागते. वेळ थोडा अधिक लागतो, तो धरूनही त्या अंतराचे डिझेल शेकडा २३ च्या आसपास वाचते. बाजारभाव गाठण्यासाठी घाई आवश्यक असते असे दिवस थोडे असतात. बाकीच्या दिवशी लिव्हर पुढे ढकलणे ही केवळ सवय असते.

निर्णयापूर्वी

नौका घेण्याचा विचार करणाऱ्या कुटुंबाने एक साधी वही घालावी. पहिल्या पानावर किंमत व तत्काळ दुरुस्ती, दुसऱ्यावर वर्षाचा कायम खर्च, तिसऱ्यावर एका दिवसाचा खर्च आणि चौथ्यावर १५० व २०० दिवसांचे दोन हिशेब लिहावेत. रोजच्या विक्रीचा आकडा विकणाऱ्याच्या तोंडून घेऊ नये. त्याच धक्क्यावरील दोन-तीन नौकांच्या मागील मोसमातील लिलावाच्या पावत्यांवरून तो काढावा. विकणारा आपल्या पावत्या दाखविण्यास तयार नसेल, तर तेही एक उत्तरच होय. १५० दिवसांच्या हिशेबातही कर्जाचा हप्ता निघत असेल तर पुढे जावे. निघत नसेल तर किंमत कमी करून घ्यावी, भागीदार घ्यावा किंवा आणखी एक मोसम थांबावे.

या कामी गावातील शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरू शकेल. शेकडेवारी, सरासरी व व्याज यांची उदाहरणे पाठ्यपुस्तकातून सोडविणाऱ्या मुलांना आपल्या धक्क्यावरील नौकेचा हिशेब दिला, तर गणित त्यांना अधिक जवळचे वाटेल आणि ती वही घरीही वाचली जाईल. सोसायटीच्या व बँकेच्या अधिकाऱ्यांनी कर्जाच्या अर्जासोबत डिझेल-चाचणीचा आकडा आणि दोन्ही हिशेब मागितले, तर कर्ज देणारा व घेणारा दोघांचेही हित साधेल.

नौका हे मच्छीमाराच्या दृष्टीने केवळ यंत्र नसते. तिच्या नाळेला नारळ फोडून, हार घालून तो तिला समुद्रात घालतो. हा जिव्हाळा योग्यच आहे. परंतु तो सौदा पुरा झाल्यानंतरचा असावा. सौद्यापूर्वी हातात हातोडी, मोजलेला डिझेलचा डबा आणि वही असावी. एवढे केल्यास ऑगस्टमध्ये उत्साहाने समुद्रात घातलेली नौका पुढील मे महिन्यात त्याच मालकाच्या नावावर परत येईल, अशी आशा बाळगण्यास हरकत नाही.